एलडी (वाचन, लेखन किंवा गणितातली अध्ययन अक्षमता) असलेल्या मुलीची नववी ते बारावी: सर्टिफिकेट, गणित, रायटर आणि पुढचं कॉलेज

"गुणी आहे हो, कधी त्रास नाही तिचा." पालकसभेत हे वाक्य ऐकलं की आईवडील खूश होऊन घरी येतात, आणि मला नेमकी त्याच मुलीची काळजी वाटते. मुलगा वाचता येत नसलं की बाकावरून उठतो, शेजारच्याला डिवचतो, बाईंना दोन शब्द ऐकवतो, मग शाळा वैतागून त्याला टेस्टिंगला पाठवते. मुलगी काय करते, तर मैत्रिणीची वही घरी आणून मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढते, उत्तरं शब्दन् शब्द पाठ करते आणि मागच्या बाकावर गप्प बसते. सातवीपर्यंत हे खपून जातं. नववीत धडे लांबतात, सेमी इंग्लिश असेल तर विज्ञान आणि गणित इंग्रजीत, पाठांतराची हद्द संपते आणि ७० टक्क्यांची मुलगी अचानक ४२ वर येते. घरात निदान होतं "वय आहे, मोबाईल आहे".

हा नुसता माझा अंदाज नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात एक अभ्यास झाला होता, १९९० मध्ये छापून आला, त्यात शाळांनी वाचनाची अडचण म्हणून जी मुलं निवडली त्यात मुलगेच कितीतरी जास्त होते, पण संशोधकांनी सरसकट सगळ्यांची टेस्ट घेतली तेव्हा मुलगे आणि मुली यांच्यातला फरक जवळजवळ राहिलाच नाही. म्हणजे मुलींनाही अडचण तेवढीच असते, फक्त ती कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

तर ज्यांची मुलगी आता आठवी-नववीत आहे त्यांनी काय करायचं ते क्रमाने सांगते. दहावीत असेल तरी चालेल, पण मग थोडी धावपळ होईल.

आधी घरी बघा, मग डॉक्टर

एक आठवडा फक्त निरीक्षण करा, रागवायचं नाही, सुधारायला जायचं नाही. न वाचलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या. जोडाक्षरावर अडखळते का, रफार खाते का, ओळ सुटते का, वाचून झाल्यावर काय वाचलं ते सांगता येतं का. मग तोच परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून सगळं कळतं आणि वाचून कळत नाही, असा फरक दिसला तर ती मोठी खूण आहे. गणितात ५३ ऐकून ३५ लिहिणं, एकोणसाठ की एकोणसत्तर हा गोंधळ, पाढे पाठ पण कुठे वापरायचे ते न कळणं, घड्याळ आणि सुट्टे पैसे नकोसे वाटणं. (मराठी अंकांची नावं तशीही अवघडच, २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" आणलं तेव्हा सगळ्यांनी थट्टा केली, पण डिसकॅल्क्युलिया म्हणजे आकड्यांची अडचण असलेल्या पोरांच्या आया मनातून म्हणाल्या असतील की बरं झालं.) लिखाणात बघा की तोंडी दहा वाक्यं सांगणारी मुलगी कागदावर अडीच वाक्यं लिहिते का.

आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक बघायचं ते म्हणजे मेहनत. ज्या धड्याला मैत्रिणीला एक तास लागतो त्याला हिला चार तास लागतात का? मार्क सारखे असले तरी हा फरक खरा आहे. परीक्षेच्या सकाळी पोट दुखणं, उलटी, रडणं हे पण वहीत लिहून ठेवा, डॉक्टर विचारतात.

सर्टिफिकेट

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत आणि त्यात एलडी म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट नावाने आहे. एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) एकट्याचं नाव त्या यादीत नाही, त्यामुळे मुलीला दोन्ही असेल तर एलडीची टेस्ट करून घ्याच, फक्त एडीएचडीच्या चिठ्ठीवर अडून राहू नका.

प्रायव्हेट सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट अभ्यास कसा घ्यायचा हे ठरवायला उत्तम असतो, पण बोर्डाला आणि पुढे सीईटीला सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. मुंबईत सायन आणि नायरला हे काम वर्षानुवर्षं चालू आहे, बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल किंवा सरकारी मेडिकल कॉलेज. एका दिवसात होत नाही हे मनाशी धरूनच जा. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बालरोगतज्ज्ञ, मग आयक्यू टेस्ट, मग वाचन-लेखन-गणिताची टेस्ट, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. नंबर लागायलाच काही महिने जाऊ शकतात, म्हणून नववीच्या जूनमध्ये केस पेपर काढा असं मी सगळ्यांना सांगते. दहावीच्या दिवाळीत पळत येणारे पालक असतात आणि मग सगळ्यांचीच दमछाक होते.

सोबत न्यायचं: मागच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शाळेचं पत्र, आधार, आणि वह्या. वह्या कुठल्या, तर वर्गात घाईत लिहिलेल्या. घरी उतरवलेली फेअर वही नेऊ नका, ती बघून कोणालाही वाटेल की मुलीला काही झालेलं नाही. मराठी माध्यमाची मुलगी असेल तर टेस्ट मराठीतून व्हायला हवी असा आग्रह धरा, मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसकट भारतीय भाषांमध्ये डिसलेक्सियाची म्हणजे वाचनाच्या अडचणीची चाचणी तयार केलेली आहे, त्यामुळे "मराठीत टेस्टच नाही" हे ऐकून परत यायचं कारण नाही.

वयाचं गणित नीट लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे पहिलं सर्टिफिकेट ८ वर्षांनंतर, मग १४ व्या वर्षी परत, मग १८ व्या वर्षी परत, आणि १८ चं मिळालं की ते कायमचं. म्हणजे चौथीत काढलेला कागद दहावीत चालेल असं समजून फाईलमध्ये ठेवलेला असेल तर आजच बाहेर काढून तारीख बघा. सोबतच स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाचा अर्ज करून टाका. सर्टिफिकेटवरची अक्षमतेची टक्केवारीही बघा, कारण ४० टक्के किंवा जास्त असेल तरच पुढे कोटा आणि स्कॉलरशिप लागू होतात.

आता तो विषय, जो घरात दार लावून बोलला जातो. "दिव्यांग लिहिलेला कागद काढला तर उद्या लग्नाच्या वेळी काय?" आजी म्हणते, काका म्हणतात, कधीकधी वडील पण. मुलाच्या बाबतीत हा प्रश्न मी फारसा ऐकलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे, हा कागद घराच्या दाराला लावायचा नसतो, तो फाईलमध्ये असतो आणि शाळा, बोर्ड, कॉलेज यांनाच दाखवायचा असतो. वापरायचा की नाही हे पुढे ती ठरवेल, पण काढलेलाच नसेल तर तिला ठरवायला काही उरतच नाही.

शाळा आणि बोर्ड

एसएससी बोर्डाच्या सवलती ढोबळमानाने अशा: तासाला २० मिनिटं जादा वेळ, रायटर (मुलगी सांगेल ते लिहून देणारी व्यक्ती), साधा कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांचे मार्क न कापणं, एक भाषा सोडून त्याऐवजी कार्यशिक्षणाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि सोबत कार्यशिक्षण, आणि पास व्हायला कमी पडले तर २० पर्यंत सवलतीचे गुण. सगळ्या सवलती सगळ्यांना लागत नाहीत, आणि सगळ्या घ्याव्यात असंही नाही.

प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, पालकांनी थेट जाऊन उपयोग नसतो. म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, दोन प्रती, एका प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी. तोंडी "हो हो करू" यावर विसंबू नका. दहावीचा फॉर्म भरताना दिव्यांगाचा रकाना भरला की नाही ते स्वतः बघा आणि हॉलतिकीट आलं की त्यावरही बघा. आणि नववीच्या घटक चाचणीपासूनच जादा वेळ मागा, बोर्डाच्या पेपरला पहिल्यांदा चार तास बसणं हे भलतंच अवघड प्रकरण आहे.

सीबीएसईच्या मुलींसाठी तिसऱ्या भाषेतून सूट, रायटर, जादा वेळ, कॅल्क्युलेटर हे सगळं आहे, शिवाय दहावीला बेसिक गणित आणि स्टँडर्ड गणित असे दोन पर्याय आहेत. ज्यांना शाळेचा सहा तासांचा दिवसच झेपत नाही त्यांच्यासाठी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, तिथे नोंदणी पाच वर्षं चालते आणि नऊ संधी मिळतात, एका वेळी एक-दोन विषय देता येतात.

गणित सोडायचं का?

इथे थांबून विचार करा, कारण सगळ्यात जास्त घाई इथेच होते. आणि मुलींच्या बाबतीत दुप्पट घाई होते. "तिला कुठे इंजिनीअर व्हायचंय, सोडू दे गणित, निदान दहावी सुटेल." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय!

बीजगणित-भूमिती सोडून अंकगणित घेतलं की अकरावी सायन्सचा रस्ता जवळजवळ बंद होतो. सायन्स बंद म्हणजे फक्त इंजिनीअरिंग नाही, बीएस्सी नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, लॅब टेक्निशियन हे पण बंद. चौदा वर्षांच्या मुलीला नर्स व्हायचंय की नाही हे तिला अजून माहीत नसतं. म्हणून मी आधी विचारते की अडचण नक्की कशात आहे. डिसलेक्सिया असेल तर तिला गणित येतं, पण शब्दात दिलेलं उदाहरण वाचता येत नाही, तिथे प्रश्न वाचून दाखवणारा रायटर मिळाला की काम होतं. डिसग्राफिया म्हणजे लिहिण्याची अडचण असेल तर पायऱ्या मनात बरोबर असतात पण कागदावर आकडे खालीवर सरकतात, तिला चौकटीची वही आणि जादा वेळ पुरतो. खरा, खोलवरचा डिसकॅल्क्युलिया असेल, म्हणजे दोनपैकी मोठी संख्या कुठली हेच क्षणभर कळत नाही, तर मात्र गणित सोडलेलं बरं, मुलीचं तीन वर्षांचं रडणं वाचतं आणि बाकीच्या विषयांना वेळ मिळतो.

मधल्या मुलींसाठी एक करून बघा. गणिताच्या दोन पेपरांचे मिळून ८० मार्क, वर २० अंतर्गत. नववीत सहा महिने कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ देऊन फक्त निवडक प्रकरणं घ्या, सांख्यिकी, अर्थनियोजन, प्रमेयांपैकी ठरावीक. एवढ्यावर सराव पेपरात पासिंगपुरते मार्क पडतायत का बघा. पडत असतील तर गणित ठेवा. ३८ मार्कांचं गणित गुणपत्रिकेत वाईट दिसतं, पण कुठलं दार बंद करत नाही.

दुसरी नेहमीची गडबड म्हणजे गणित जमत नाही म्हणून कॉमर्स. अहो, कॉमर्सला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेता येतं हे खरं, पण बुक-कीपिंगचं काय? दोन बाजूंचे आकडे, टोटल जुळवणं, एक आकडा उलटा लिहिला की अख्खा ताळेबंद चुकला. डिसकॅल्क्युलियावाल्या मुलीला यापेक्षा आर्ट्समध्ये मानसशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल कितीतरी बरं. उलट डिसलेक्सिया असलेल्या पण आकड्यात पक्क्या मुलीला आर्ट्समध्ये टाकून सहा विषयांची लांबलचक उत्तरं लिहायला लावणं ही शिक्षाच आहे, तिला अकाउंट्स छान जमू शकतं.

रोजचा अभ्यास

आधी ऐकणं, मग वाचणं. धडा आई, ताई, बाबा कोणीतरी वाचून रेकॉर्ड करा, मोबाईलवर. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, पण त्यातला मराठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपला कधीकधी कळत नाही आणि ते काहीतरी अगम्य बोलायला लागतं, अशा वेळी पानाचा फोटो काढून गूगल लेन्सला "ऐका" म्हणायचं, बऱ्यापैकी वाचतं. मुलगी पुस्तकात बोट ठेवून सोबत ऐकते, एवढंच.

फळ्यावरचं उतरवणं बंद करा. बाईंना विनंती करून फळ्याचा फोटो काढायची परवानगी घ्या किंवा मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स. मुली इथे विरोध करतात, कारण सुंदर वही ही त्यांची एकमेव शाबासकी असते, ती काढून घेतली तर उरतं काय. हळूहळू सोडवा. वहीवरचा वेळ तोंडी उत्तरांवर लावा: एक प्रश्न, चार मुद्दे, बोटांवर मोजून सांगायचे, मग रेकॉर्ड करून स्वतःच ऐकायचं. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं उठायचं.

क्लासचं म्हणाल तर साठ जणांच्या बॅचमध्ये या मुलीला काही मिळत नाही, ती तिथेही गप्पच बसते. दोन-तीन जणींची शिकवणी किंवा आठवड्यातून दोनदा स्पेशल एज्युकेटर. आणि घरकाम! भावाची दहावी असली की त्याला पाण्याचा ग्लास जागेवर, मुलीची दहावी असली तरी संध्याकाळचा कुकर तिनेच लावायचा. हिला प्रत्येक धड्याला जास्त वेळ लागतो म्हणून आपण डॉक्टरांकडे गेलो ना, मग तो वेळ घरानेच द्यायचा, दुसरा कोण देणार.

रायटर

रायटर एक इयत्ता खालचा हवा, म्हणजे दहावीला नववीची, बारावीला अकरावीची. मुलगी असेल तर बरं, चार तास शेजारी बसायचंय. एक नाव ठरवलं की दुसरं राखीव ठेवा, गोवर-कांजिण्या सांगून येत नाहीत. भाषेच्या पेपरला वेगळा रायटर घ्यायचीही २०१८ च्या केंद्राच्या सूचनांमध्ये सोय आहे.

पण रायटर मिळाला म्हणजे मार्क मिळाले असं नाही, सांगून लिहवून घेणं हे वेगळं कसब आहे. "नवीन परिच्छेद", "इथे पूर्णविराम", "खाली रेघ मार" हे सांगावं लागतं. विज्ञानाच्या आकृत्या ती स्वतः काढणार का हे आधी ठरवा. निदान दहा पूर्ण पेपर त्याच रायटरसोबत सोडवून घ्या. मुलींना दुसऱ्याला "थांब, खोड, परत लिही" म्हणायचा संकोच वाटतो, लहान मुलीला त्रास नको म्हणून चुकीचं तसंच ठेवतात, हे मी स्वतः बघितलंय, म्हणून सरावात मुद्दाम रायटरला चुका करायला सांगा आणि हिला अडवायला लावा.

तीन तासांच्या पेपरला चार तास लागतात. पाळीची तारीख त्यात येऊ शकते, पॅड, गडद रंगाचा ड्रेस, बाथरूमला जायची परवानगी हे केंद्रसंचालकांशी आधीच बोलून ठेवा. पाण्याची बाटली आणि पेपरआधी पोटभर खाणं, रिकाम्या पोटी चौथा तास निघत नाही.

अकरावी, सीईटी, कॉलेज

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाईन आहे, फॉर्ममध्ये दिव्यांग कोट्याचा पर्याय आणि सर्टिफिकेट अपलोड दोन्ही करायचं. कॉलेज निवडताना कटऑफच्या आधी अंतर बघा, रोज अडीच तास लोकलमध्ये गेले तर अभ्यास कधी. इंटिग्रेटेडवाल्यांच्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) जाहिरातींपासून जरा लांब राहा, तिथला वेग या मुलींसाठी केलेलाच नसतो.

नीट, जेईई, एमएचटी-सीईटी सगळीकडे जादा वेळ मिळतो, तीन तासांच्या पेपरला एक तास, पण तो फॉर्म भरतानाच मागावा लागतो आणि त्या वर्षीच्या माहितीपत्रकातला ठरावीक नमुनाच भरून न्यावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर डिसग्राफिया असलेल्या एका मुलीची केस आली होती, नीटच्या केंद्रावर तिला जादा तास दिलाच नाही, पेपर सगळ्यांबरोबर काढून घेतला. कोर्टाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चांगलंच सुनावलं, तिचा हक्क डावलला असं मान्य केलं, पण फेरपरीक्षेचा आदेश मात्र दिला नाही. म्हणून कोर्टाच्या निकालाच्या भरवशावर राहू नका. सर्टिफिकेट, भरलेला नमुना आणि माहितीपत्रकाचं ते पान, तिन्हीची प्रिंट पारदर्शक फोल्डरमध्ये, आणि काय बोलायचं ते मुलीला पाठ. आई गेटच्या बाहेर असते.

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ४० टक्के किंवा जास्त असलेल्यांसाठी कायद्याने किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. एआयसीटीईची सक्षम स्कॉलरशिप वर्षाला ५० हजारांची आहे, तंत्रशिक्षणाच्या डिग्री-डिप्लोमासाठी. त्यामुळे "मुलीवर एवढा खर्च कशाला" म्हणणाऱ्या नातेवाईकांना हे आकडे द्या.

मनाने फार खचलेली वाटली, झोप उडाली, स्वतःबद्दल वाईट बोलायला लागली तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आणि मराठीत. अभ्यास चार दिवस थांबला तरी चालतो.

शेवटचं काम अकरावीपासूनच तिच्याकडे सोपवत चला, ते म्हणजे स्वतः सांगणं. नववीत तुम्ही शाळेशी बोला आणि ती शेजारी बसेल, अकरावीत ती बोलेल आणि तुम्ही शेजारी बसा, बारावीत तुम्ही बाहेर थांबा. तीन वाक्यं पुरतात: मला एलडी आहे, मला लिहायला वेळ लागतो, मला जादा वेळ आणि रायटर मिळायला हवा, हा अर्ज. कारण डिग्री कॉलेजमध्ये शाळेसारखं कोणी फाईल पुढे पाठवत नाही, तिथे समान संधी कक्ष असेल तर त्यांच्याकडे नाहीतर थेट परीक्षा विभागात, अर्ज तिलाच द्यावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक सेमिस्टरला नव्याने. पहिली अंतर्गत परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येते, म्हणून ॲडमिशन झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत अर्ज गेला पाहिजे, पोच घेऊन.